फिन कुठे लावायची? सर्फबोर्डच्या शेपटीचा इतिहास

हा भाग ऐकायचा राहून गेला असेल, किंवा धडगावच्या घाटात ऐन रंगात आल्यावर रेंज गेली असेल, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. बोलताना जिथे अडखळलो तेवढं गाळलंय, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी शहाद्याचा. आमच्यासाठी समुद्र म्हणजे सुरतेच्याही पलीकडची गोष्ट. तरी दोन वर्षांपूर्वी मित्रांच्या नादाने गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेलो. भाड्याने बोर्ड घेतला, पाण्यात उतरलो, आणि पहिल्याच लाटेवर बोर्ड माझ्या पोटाखाली गोल फिरला. दुसऱ्या लाटेला तेच. तिसऱ्या लाटेला तर मी किनाऱ्याकडे तोंड करून निघालो आणि समुद्राकडे तोंड करून पोचलो. मित्र हसून लोळायला लागले. मला वाटलं, आपलाच तोल कच्चा.

तेवढ्यात शिकवणारा पोरगा आला, बोर्ड उलटा केला आणि म्हणाला, "भाऊ, याची मागची फिनच नाही! स्क्रू ढिला होऊन पडली असेल."

फिन म्हणजे बोर्डाच्या खालच्या बाजूला, शेपटाकडे, माशाच्या पंखासारखी उभी असलेली पातळ पट्टी. माझ्या बोर्डाला तीन हव्या होत्या, दोनच होत्या. त्याने दुसरी आणून बसवली आणि तोच बोर्ड, तोच मी, सरळ चालायला लागलो. तळहाताएवढी वस्तू! दोन दिवसांनी त्याने मला एक लांब बोर्ड दिला. त्याला मधोमध एक खाच होती आणि त्या खाचेत फिन मागेपुढे सरकवता येत होती. "आज इंचभर पुढे घे, मग फरक सांग," तो म्हणाला. फरक इतका होता की रात्री झोप येईना. फिन तीच, माप तेच, फक्त जागा बदलली, आणि बोर्डाचा स्वभावच बदलला.

तर आजचा प्रश्न हाच आहे. ही पट्टी कुठे लावायची, हे माणसाला कळायला किती काळ लागला? आणि यात आपल्या नंदुरबारचा काय संबंध? सांगतो.

बाणाची पिसं

संबंध पहिल्यांदा जोडला तो तीरकामठ्याने. आपल्या सातपुड्यात अजूनही बऱ्याच घरांत तो भिंतीला टांगलेला दिसतो. शाळेत असताना धडगावकडच्या एका मित्राच्या घरी मी राहायला जायचो. त्याचे वडील बाण तयार करायचे. एकदा मी विचारलं, "काका, पिसं मागेच का लावता? पुढे लावली तर?"

काकांनी समजावत बसण्याऐवजी एक जुना बाण माझ्या हातात दिला. "लाव पुढे. सोडून बघ."

मी लावली. सोडला. बाण दहा-बारा पावलं कसाबसा गेला, आडवा झाला, कोलांटी खाल्ली आणि गवतात पडला. काका हसले आणि पुन्हा कामाला लागले.

सर्फबोर्डच्या फिनचं सगळं गणित या एका बाणात आहे. बाण जरा वाकडा झाला की मागच्या पिसांवर हवा बाजूने आदळते आणि शेपूट परत रांगेत ढकलते. पिसं पुढे असली तर तीच हवा टोकाला आणखी वाकडं करते. बोर्डाचंही तसंच, फक्त हवेच्या जागी पाणी. शेपूट बाजूला घसरायला लागलं की फिनवर पाणी आदळतं आणि शेपूट जागेवर येतं.

आता पुढची पायरी. फिन जितकी मागे, तितकी ती आपल्या पायांपासून लांब. लांब दांड्याची पहार कशी जास्त जोर लावते, तशी ही फिन बोर्डाला जास्त जोराने सरळ धरून ठेवते. बोर्ड विश्वासू होतो, पण वळायला हट्टी. फिन थोडी पुढे आणली की दांडा आखूड झाला. बोर्ड पटकन वळतो, पण वेगात शेपूट निसटण्याची भीती वाढते. सरळपणा हवा की चपळपणा, हा सौदा प्रत्येक इंचावर होतो. दोन्ही पूर्णपणे कधीच मिळत नाहीत.

हे डोक्यात ठेवा. आता हवाईला जाऊ.

फिन नसलेली फळी

हवाई बेटांवर लोक शेकडो वर्षं लाटांवर स्वार होत होते. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतले युरोपीय खलाशी १७७८-७९ मध्ये तिथे पोचले तेव्हा हा खेळ बघून ते थक्क झाले आणि त्यांनी त्याची वर्णनं लिहून ठेवली. त्या काळच्या फळ्या अख्ख्या लाकडाच्या. अलाया नावाची पातळ फळी आणि ओलो नावाची लांबलचक, जड फळी. दोन्हींना खाली फिन नव्हती.

मग वळायचं कसं? अंग एका बाजूला झुकवायचं, फळीची कड पाण्यात रुतवायची. मोठ्या फळीवर उभं राहून एक पाय मागे पाण्यात सोडायचा आणि त्याचाच सुकाणूसारखा वापर करायचा. म्हणजे पाय हीच फिन. हे कौशल्य होतंच, पण त्याला मर्यादाही होती. लाट जितकी उभी, तितकी फिन नसलेली फळी शेपटाकडून घसरते. त्यामुळे उभ्या लाटेच्या भिंतीवरून आडवं पळणं फार अवघड जायचं.

भंगारातला तुकडा

ही अडचण सोडवली टॉम ब्लेकने. हा माणूस जन्मला १९०२ साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात. नकाशात बघा, या राज्याला मोठमोठे तलाव आहेत, पण समुद्र नाही. आपल्यासारखाच बिनसमुद्राचा! पोहण्याच्या वेडापायी तो आधी कॅलिफोर्नियाला आणि मग हवाईला गेला. जड लाकडी फळ्या आतून पोकळ करून त्या हलक्या करण्याची युक्ती त्याने काढली आणि १९३२ मध्ये तिचं पेटंटही मिळवलं.

फळी हलकी झाली, पण घसरणं थांबेना. १९३५ मध्ये वायकिकीला त्याने एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा तळाचा धातूचा पंख काढून आपल्या बोर्डाच्या शेपटाखाली लावला. फूटभर लांब आणि चारेक इंच खोल असा तो तुकडा होता. तो लाटेवर गेला आणि त्याला लगेच जाणवलं की शेपूट घसरत नाहीये. बाणाला मागे पिसं लागली होती.

पण लोकांनी ही युक्ती काही लगेच डोक्यावर घेतली नाही. फिन सगळीकडे रूढ व्हायला जवळपास दहा वर्षं गेली. त्याच दरम्यान, १९३७ मध्ये, होनोलुलूच्या जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या तरुणांनी वेगळाच उपाय काढला. फिन न लावता त्यांनी बोर्डाचं रुंद शेपूटच कापून निमुळतं केलं आणि खालून व्ही आकार दिला. शेपूट पाण्यात खोल बसायला लागलं आणि उभ्या लाटेतही बोर्ड धरून राहिला. या बोर्डांना पुढे 'हॉट कर्ल' म्हणायला लागले. दुखणं एकच होतं, उपाय दोन निघाले. ब्लेकने पंख जोडला, या पोरांनी लाकूड काढलं.

शेवटी फिन जिंकली. तरीही 'कुठे' हा प्रश्न उरलाच.

एक, दोन, तीन

सुरुवातीच्या बोर्डांना मधोमध, अगदी मागे, एकच मोठी फिन असायची. दहा फुटी बोर्ड रेल्वेसारखे सरळ जायचे. १९५० च्या दशकाच्या शेवटी बोर्ड फोमचे व्हायला लागले, हलके झाले, आणि लोकांना आणखी वळावंसं वाटू लागलं. जॉर्ज ग्रीनोने ट्यूना माशाची शेपटी न्याहाळून बारीक, मागे झुकलेली, लवचीक फिन केली. तशा फिनच्या बोर्डावर ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने १९६६ मध्ये सॅन डिएगोची जागतिक स्पर्धा जिंकली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत बोर्ड दहा फुटांवरून सात फुटांच्या आसपास आले.

बोर्ड आखूड झाल्यावर नवीच अडचण आली. वळताना बोर्ड एका कडेवर झुकतो. रुंद शेपटाचा बोर्ड खूप झुकला की मधली फिन पाण्याबाहेर यायला लागते, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ती हात सोडते. मग उपाय काय? फिन मधून काढून दोन्ही कडांजवळ एकेक लावायची. बोर्ड ज्या कडेवर झुकेल त्या बाजूची फिन पाण्यात खोल जाईल. बॉब सिमन्स नावाच्या कॅलिफोर्नियाच्या हिशेबी डोक्याच्या माणसाने १९४० च्या दशकाच्या अखेरीसच दोन फिन्सचे बोर्ड बनवले होते. पण त्या रचनेचं सोनं केलं ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने. दोन फिन्सच्या बोर्डावर तो १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा जगज्जेता झाला.

त्याच्याच देशात सायमन अँडरसन नावाचा धिप्पाड खेळाडू होता. दोन फिन्सचा बोर्ड त्याच्या वजनाखाली निसटायचा. मागे मध्ये काहीच नसल्यामुळे मोठ्या लाटेत शेपूट सैल पडायचं. १९८० मध्ये एका दुसऱ्या बोर्डमेकरने दोन फिन्सच्या मागे छोटीशी आधाराची फिन लावलेली त्याने पाहिली. तिथून त्याच्या डोक्यात आलं की छोटी कशाला, तिन्ही सारख्याच करूया! दोन पुढे कडांजवळ, एक मागे मध्ये. या रचनेला त्याने नाव दिलं 'थ्रस्टर'.

१९८१ च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियात बेल्स बीचवर अवाढव्य लाटा आल्या. तिथे अँडरसन त्या तीन फिन्सच्या बोर्डावर जिंकला. त्याच वर्षी हवाईची पाइपलाइन मास्टर्सही त्याने जिंकली. थोड्याच वर्षांत जगभरच्या स्पर्धांत सगळीकडे तीन फिन्स दिसायला लागल्या.

आणि पेटंट? त्याने घेतलंच नाही. आज जगात विकल्या जाणाऱ्या असंख्य बोर्डांवर त्याची रचना आहे, आणि त्याचे पैसे त्याला मिळत नाहीत.

आता साधारण मापं सांगतो, म्हणजे 'इंच' हा शब्द मी उगाच वापरत नाहीये हे पटेल. आजच्या थ्रस्टर बोर्डात मागची फिन शेपटाच्या टोकापासून तीन-साडेतीन इंचांवर असते. पुढच्या दोन जवळपास अकरा इंचांवर. त्या दोघींची तोंडं किंचित आत, बोर्डाच्या नाकाकडे वळलेली असतात आणि टोकं थोडी बाहेर झुकलेली. त्यामुळे बोर्ड कडेवर झुकला की पाणी त्या फिनला नुसतं अडवत नाही, पुढेही ढकलतं. बनवणारे लोक यात पाव इंचाचाही हिशेब करतात. माझा बोर्ड आश्वेला गोल का फिरला, ते आता कळलं ना? पुढच्या दोघी होत्या, पण त्या पायांच्या जवळ. शेपूट धरून ठेवणारी लांबची फिन गायब होती.

अजिंठ्याचं जहाज

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी तिकडची गोष्ट झाली. तर जरा आपल्या खानदेशच्या कडेला या. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मध्ये एका जहाजाचं चित्र आहे, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. तीन डोलकाठ्या, शिडं, आणि मागच्या बाजूला कडेने पाण्यात सोडलेली सुकाणूची वल्ही. जुन्या काळी जहाजांची 'फिन' अशीच कडेला असायची.

या चित्रावरून आपल्या नौदलाने खरंखुरं जहाज बांधून घेतलं. फळ्या खिळ्यांनी न ठोकता नारळाच्या काथ्याने शिवलेल्या. नाव आहे 'कौंडिण्य'. २१ मे २०२५ ला कारवारला ते नौदलात दाखल झालं. त्याच्या आकाराच्या चाचण्यांत आयआयटी मद्रासची मदत होती. त्यालाही आजच्यासारखं सुकाणू नाही, सुकाणूची वल्हीच आहेत. २०२५ च्या डिसेंबरअखेर ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

कडेच्या वल्ह्याची अडचण अशी की वाऱ्याने जहाज कललं की एका बाजूचं वल्हं पाण्याबाहेर यायला लागतं. जगाने हळूहळू सुकाणू बरोबर मागे, मधोमध आणलं. चीनमध्ये हान काळातल्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या नावेला ते मागे दिसतं. १२३७ सालच्या एका अरबी हस्तलिखितातल्या जहाजाच्या चित्रातही ते मागेच आहे.

गंमत बघा. जहाजाने कडेची दोन सोडून मधलं एक धरलं. सर्फबोर्डाने मधली एक सोडून कडेच्या दोन धरल्या आणि मग तिन्ही घेतल्या. मला आधी वाटलं, हे उलटं कसं? पण कारण एकच आहे, झुकणं. जहाजाला झुकायचं नसतं, ते वाऱ्याने झुकतं, म्हणून सुकाणू अशा जागी हवं जिथे झुकण्याचा त्रास कमी. बोर्डाला झुकूनच वळायचं असतं, म्हणून फिन अशा जागी हवी जिथे झुकल्यावर ती कामाला येते. कुठली जागा बरोबर, हे त्या पाण्यात तुम्हाला काय करायचंय त्यावर ठरतं.

आपलं पाणी

आणि इथे मी घरी येतो. आपल्या जिल्ह्यातून तापी जाते, उत्तरेच्या सीमेवरून नर्मदा. सरदार सरोवर धरणाचं पाणी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांत शिरलं. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. जिथे आधी वाहती नदी आणि काठाची शेती होती तिथे डोंगरांच्या मध्ये लांबलचक, उभं पाणी आहे. कित्येक पाड्यांसाठी रस्ता म्हणजे होडीच. दवाखानासुद्धा तरंगता आहे. आश्वेला मी पाण्यावर हौसेने गेलो होतो. इथे पाणीच लोकांच्या दारात आलं.

२०२० चं लॉकडाऊन आठवा. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे तेव्हा मच्छीमाराची छोटी होडी घेऊन स्वतः वल्हवत पाड्यांवर जायच्या, बाळांना आणि गरोदर बायांना तपासायला, पोषण आहार द्यायला. एका दिवसात सुमारे १८ किलोमीटर! त्यांची बातमी देशभर गेली. सगळ्यांनी हिमतीचं कौतुक केलं, आणि ते रास्तच होतं.

पण हा भाग तयार करताना मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होतो. आखूड, सपाट तळाची, खाली काहीच नसलेली होडी एकट्याने एका वल्ह्याने चालवून बघा. प्रत्येक वल्ह्याला तिचं नाक दुसरीकडे वळतं. मग पुढचं वल्हं नाक परत आणण्यात जातं. ताकदीचा मोठा वाटा पुढे जाण्यात नाही, सरळ राहण्यात संपतो. जाणता नावाडी म्हणूनच वल्हं मागे पाण्यात क्षणभर धरून ठेवतो. हवाईचा माणूस पाय मागे सोडायचा, हा वल्हं मागे धरतो. दोघंही स्वतःच्या अंगाने फिनचं काम करतात.

मग अशा होडीला मागे एक पट्टी लावली तर? सरळ जाईल, दम वाचेल. पण काठाजवळ बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत, तिथे पट्टी अडकेल, आणि अडकलेली होडी जास्त धोक्याची. समुद्रातल्या कयाकना हवी तेव्हा खाली सोडायची, नको तेव्हा वर ओढायची पट्टी असते. तसं काही इथे चालेल का? हे मी शहाद्यात बसून ठरवू शकत नाही. ते ठरवायला त्या पाण्यावर रोज जाणारी माणसं हवीत. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, म्हणजे गैरसमज नको. २०१९ च्या मकर संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत होडी उलटली आणि माणसं गेली. जास्त माणसं भरलेली होडी कुठलीही फिन वाचवू शकत नाही. फिन दिशा धरते, बुडणं थांबवत नाही. त्यासाठी लाइफ जॅकेट लागतात, माणसं मोजून घ्यावी लागतात, आणि जायला दुसरी सोय असावी लागते.

मला या सगळ्या इतिहासातून लक्षात राहतं ते इतकंच. ब्लेक, होनोलुलूची ती पोरं, अँडरसन, यांच्यातल्या कुणाला कारखान्यातून तयार उत्तर मिळालं नाही. बोर्ड घसरला, ते पडले, उठून त्यांनी शेपटाकडे बघितलं आणि हाताशी होतं त्यातून काहीतरी जोडलं किंवा कापलं. आमचे धडगावचे काका वेगळं काय सांगत होते? लाव पुढे, सोडून बघ.

तर घरचा अभ्यास. बाण नसेल तर झाडूची काडी घ्या, टोकाला थोडं पीठ मळून चिकटवा, कागदाची दोन छोटी पानं कापा. आधी मागे लावून फेका, मग मध्ये, मग पुढे. तीन व्हिडिओ काढा आणि मला पाठवा. आणि नर्मदेच्या काठावरचं कुणी ऐकत असेल, तर तुमच्या होडीला मागे काय लावतात, किंवा का लावत नाहीत, ते नक्की सांगा. तो भाग मी तुमच्याच आवाजात करीन.

भेटू पुढच्या वेळी. तोवर पाण्यात जपून.